चुलीच्या आडोशाला लावलेली फळी

माझ्या मुलाने नातीला सांगितलं, "आजी हो म्हणली तर जा." हे त्याने फार हुशारीने सांगितलं होतं. मी कशालाही हो म्हणत नाही, हे वैशाखऱ्याच्या आसपासच्या कुठल्याही पाड्यावर विचारा.

नात बारावी झालेली, काळू नदीत पोहून वाढलेली. मालवणच्या खाली समुद्राकाठी एक बाई फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला शिकवते, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं. ही बाई दर वर्षी एका मुलीला पावसाळ्यापर्यंत स्वतःजवळ ठेवून घेते, तयार करते आणि मग पर्यटकांना शिकवायच्या कामाला लावते. नातीला ती मुलगी व्हायचं होतं. बापाने तिच्यासाठी वाशिंदच्या एका कारखान्यात खोके भरायचं काम बघून ठेवलं होतं. म्हणून ठरलं असं, की नाताळच्या सुट्टीत तिने आठ दिवस किनाऱ्याने स्वस्तात हिंडावं, शेवटी त्या बाईकडे परीक्षा द्यावी, आणि मी बरोबर जाऊन सगळं बघून यावं. भात झोडून झालं होतं, मी रिकामीच होते. मी नाही म्हणायलाच निघाले.

नातीने पाठीवर घ्यायची बॅग आणली होती, मैत्रिणीची, तिच्या अर्ध्या उंचीची. मलाही एक दिली. मी ती पाठीवर घेतली तर मागे ओढली जाऊ लागले. शेवटी जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ केली आणि बॅग डोक्यावर घेतली. ती डोक्यावर गेल्यावर मान कशी सरळ झाली. नात म्हणाली, "आजी, लोक बघतात." म्हटलं, "बघू दे की. त्यांच्या पाठी बघ, कुबड आल्यागत चालतात."

आम्ही कधी एसटीने, कधी वाळूतून पायी असं एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. राहायचं तिथे एका खोलीत आठ माणसं, एकावर एक पलंग. वरच्याचे पाय खालच्याच्या तोंडाशी. शहरातली पोरं पैसे देऊन तिथे झोपायची आणि सकाळी एकमेकांना सांगायची, किती साधं जगतोय ना आपण. दोरीवर ओले कपडे, एकाच बादलीवर सगळ्यांची आंघोळ, नाश्त्याला कोरडा पाव. एका पोराने मला विचारलं, "आजी, तुम्ही पहिल्यांदाच असं ट्रॅव्हल करताय?"

मी त्याला काय सांगणार. लग्नानंतर वीस-बावीस वर्षं आम्ही दर दिवाळीनंतर असंच निघत होतो. कधी वीटभट्टीवर, दोन वर्षं खाडीकाठच्या मिठागरावर. एका गाठोड्यात सगळं घर, पेंढ्याची खोप, एका खोपीत दोन कुटुंबं. समुद्र तेव्हाही समोर होता, आम्ही त्याच्यातून मीठ ओढत होतो. कुणी म्हणालं नाही की बाई, तुम्ही किती साधं जगता. मुकादम म्हणायचा, हात चालव.

"हो रे बाबा," मी त्याला म्हटलं, "पहिल्यांदाच. घरी माझा राजवाडा आहे."

पोराने मान डोलावली. त्याला खरंच वाटलं असावं.

सहाव्या दिवशी आम्ही त्या बाईच्या किनाऱ्यावर पोचलो. ती मासे मारणाऱ्या घरातली, चाळिशीची, उन्हाने काळीभोर, बोलायला माझ्यासारखीच फटकळ. नातीला दोन दिवस पाण्यात घेऊन गेली. नात पडायची, उठायची, परत पडायची. तिथल्या आमच्या खोलीतली दोन शहरी पोरंही शिकत होती. ती तर फळीवर पोट टेकूनच फोटो काढून घ्यायची.

पाव खाऊन खाऊन माझं पोट बिघडलं होतं. दुसऱ्या दुपारी मी ठरवलं, भात शिजवायचा. तांदूळ आणि सुकट मी घरूनच आणली होती. समुद्राकाठी सुकट घेऊन आले म्हणून नात निघाल्यापासून हसत होती, हसू दे. नव्या जागी गेलं की आधी तीन दगड शोधायचे आणि वाऱ्याला आडोसा करायचा, एवढं माझ्या हाडात बसलेलं आहे. भट्टीवर आम्ही पत्रा लावायचो. इथे पत्रा नव्हता. पण भिंतीला एक लांब रुंद फळी टेकवलेली होती. मी ती ओढत आणली, वाळूत आडवी रोवली आणि चूल पेटवली. वाऱ्याचा एक झोत आत आला नाही. असा आडोसा जन्मात मिळाला नव्हता.

भात झाला, सुकट झाली. फळी उचलायला गेले तर आतल्या बाजूला हाताएवढे फोड, आणि मधे पापुद्रा वर आलेला. प्लास्टिक जळल्याचा वास मला आधीपासून येत होता. मला वाटलं, समुद्राचा असेल.

बाई आली. फळीकडे बघितलं, चुलीकडे बघितलं.

"ही फळी कोणी भाजल्यान?"

"मी," नात पटकन म्हणाली. "मीच लावली होती."

"खोटं बोलते," मी म्हटलं. "ती तर पाण्यात होती. मी लावली. मला काय म्हाईत ती फळी एवढी नाजूक. लाटा झेलते म्हणता आन् चुलीची धग सोसवत नाय?"

बाईने टोपातल्या सुकटीकडे बघितलं, बोटाने थोडी चाखली.

"मीठ जास्त झाला," म्हणाली. आणि नातीला म्हणाली, "शिकणाऱ्यांची म्हणून माझ्याकडे तीन फळये. दोन त्या पोरांका दिलंय. उद्या तुझी परीक्षा ह्याच फळीवर. उभी रवलंस तर रव. नाय तर आज्येक घेऊन घराक जा."

नात माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. भात मात्र दोनदा घेतला.

सकाळी मी वाळूत बसले. खरं सांगायचं तर ती पडावी असंच मला वाटत होतं. पडली की 'नाही' म्हणायचे माझे कष्ट वाचत होते. आणि ती पडलीच. एकदा, दोनदा, चारदा. फोडांनी तिचा गुडघा सोलवटला. पाचव्यांदा ती फळीसकट तोंडावर आली, तेव्हा शेजारची ती दोन पोरं हसली. तीन दिवसांत एकदाही उभी न राहिलेली ती पोरं.

तिथे माझं डोकं फिरलं.

मी उठून पाण्याजवळ गेले. कधीपासून बघत होते, पोरगी उभी राहताना पायांकडे बघत होती. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरताना पायांकडे बघितलं की माणूस गेलंच. तिला हे मीच शिकवलेलं, सात वर्षांची असताना, एका चापटीसकट.

"अगो ए!" मी ओरडले. "पायाकडं काय बघतेस? मोळी हाय डोक्यावर! समोर बघ, गुडघे मोड, आन् उतर!"

पुढच्या लाटेला तिने मान वर केली. गुडघे मोडले. दोन्ही हात असे धरले, जणू मोळी सावरते आहे. वाकडीतिकडी, तोंड उघडं, पण उभी. थेट माझ्या पायांपर्यंत आली, लुगडं भिजवलं.

बाई मागून म्हणाली, "ह्याच मी दोन दिस सांगतंय. वर बघ, वर बघ. ऐकता कोण?"

"मंग मारली नाय तिला, म्हणून," मी म्हटलं.

बाईने नातीच्या हातातून फळी घेतली, फोडांवरून हात फिरवला. "जानेवारीत ये," म्हणाली. "ही फळी तूच दुरुस्त करतलंस."

दुपारी मुलाचा फोन आला. आवाजात आधीच समाधान होतं. "काय आये, बघितलंस ना? नाय ना जमायचं?"

नात समोर बसून गुडघ्याला हळद लावत होती. माझ्याकडे बघत नव्हती, पण हात थांबला होता. मी आठ दिवस 'नाही' हा शब्द जपून ठेवला होता. जागा वाईट, खाणं वाईट, पोरं बावळट, सगळी कारणं तयार होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण त्या बाईची फळी मी भाजली होती, आणि पोरीला उभं राहायला ओरडूनही मीच सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं.

"जाऊ दे तिला," मी म्हटलं.

तो म्हणाला, "आये, तुझी तब्येत बरी हाय ना?"

"पाव खाऊन खाऊन पोट बिघडलंय," मी म्हटलं. "आन् त्या खोक्यांच्या कामाला तू जा."