वहिनीचा काड्या टोचलेला बटाटा

आमच्या वहिनीला दादा ‘शंकाबाई’ म्हणतो. लावलेलं कुलूप ती पुन्हा एकदा ओढून बघते. विद्यापीठातलं तिचं कामही त्याच जातीचं: तर्काची अवघड कोडी संगणकाकडून सोडवून घ्यायची आणि वर त्याच्यावरच शंका घ्यायची.

त्या दिवशी मात्र ती दारातूनच ओरडली, “सुटलं!”

“काय, नोकरी?” आईने घाबरून विचारलं. वहिनीच्या नोकरीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. काही ठोस हाती लागलं तरच ती वाढणार होती.

“शुभ बोला ना, आई! कोडं सुटलं.”

तिने एक बटाटा घेतला आणि त्याला दात कोरायच्या काड्या टोचल्या. “या दिशा. प्रत्येक दिशेला एका सूक्ष्म कणाला एक प्रश्न विचारायचा. एकमेकींशी काटकोनात असलेल्या तिघींपैकी नेमकी एक ‘हो’ म्हणते, बाकी दोघी ‘नाही’. एकच काडी अशा अनेक त्रिकुटांत असते. सगळ्यांची उत्तरं आधीच ठरवायला जावं, तर कुठेतरी गाडं अडतं. म्हणजे कण उत्तरं खिशात घालून फिरत नसतो. हे जुनंच आहे. पण माझ्या काड्या आजवर हे दाखवणाऱ्या सगळ्यांपेक्षा कमी आहेत, आणि संगणक म्हणतो, इथेही अडतंय!”

“म्हणजे पाठांतर न करता स्टेजवर आलेला नट,” नाटक शिकणारी मी म्हणाले.

“तुझाच भाऊबंद,” दादा म्हणाला.

मला राहवेना. आई, दादा आणि मी, तिघांना मी काड्या केलं. वहिनी तिने संगणकाला दिलेले नियम वाचू लागली.

“तिघांत एकच ‘हो’.”

“हो!” मी म्हटलं. आई आणि दादा, “नाही.”

“काटकोनातल्या कुठल्याही जोडीत एकच ‘हो’. आई, आता तुम्ही आणि हे. दोघांपैकी एक ‘हो’ हवा.”

“का गं? हिने म्हटलंय की. आम्ही दोघांनी ‘नाही’ म्हटलं तर काय बिघडलं?”

वहिनीने नियमाची ओळ पुन्हा वाचली.

“जोडीत जास्तीत जास्त एक. मी नेमका एक लिहिलाय. माझा संगणक तीन काड्यांनासुद्धा ‘जमत नाही’ म्हणेल!”

तिने नियम दुरुस्त केला. चहा उकळेपर्यंत संगणकाने सगळ्या काड्यांची उत्तरं बिनबोभाट ठरवून दिली. शोध गेला.

“तुझ्या सरांना काय कळणार आहे?” दादा हळूच म्हणाला. “मुदत तर वाढू दे आधी.”

वहिनीने सरांना ‘सकाळी भेटायला येते’ असं कळवून टाकलं. सकाळी मी तिच्यासोबत गेले. मी नाटक शिकायचं म्हटलं, तेव्हा घरात ही एकटीच माझ्या बाजूने उभी राहिली होती.

सरांनी स्वतःच्या आणि वहिनीच्या नावाने लेख लिहायला घेतला होता. तिचं ऐकून त्यांनी चष्मा काढला. “हे छापून आलं असतं तर?”

“म्हणून तर आले, सर.”

“माझंही नाव वाचवलंस, बाई. आभारी आहे.” त्यांनी लेखाचे कागद बाजूला सारले. “तुझी मुदत एक वर्ष वाढवून घेतो. आणि यापुढे इथल्या प्रत्येकाचे नियम आधी तू तपासायचे.”

घरी आल्या आल्या वहिनीने आईला मिठीच मारली. “नोकरी राहिली, आई. तुमच्या ‘नाही’मुळे!”

“बघ,” आई म्हणाली, “आणि मी जन्मभर ‘हो’ म्हणत बसले.”