गुरुवारचे बटाटे

हे बायकोलाही ठाऊक नाही. पाहुणे जमले की मी पोलंडचे किस्से मीठमसाला लावून सांगतो, पण हा एक दरवेळी गिळून टाकतो. गिळण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

बियाण्याच्या कंपनीनं मला दोन वर्षांसाठी तिकडं पाठवलं होतं. जुन्या जालन्यातून निघालेला माणूस, वय पंचेचाळीस, पोट त्याच्याही पुढं. घरमालकीण हालिनाबाई—सत्तरीच्या, एकट्या, मला कसं खाऊ घालावं या काळजीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सूप आणलं. पांढुरकं, आंबूस वासाचं, वर अंडं तरंगतंय. माझा धीर होईना. नको म्हणावं तर म्हातारीचं तोंड उतरणार. मी हात जोडले आणि म्हणालो—उपास. मोबाइलवरून अर्थही दाखवला: दर गुरुवारी, फक्त बटाटे चालतात. त्या दिवशी गुरुवार होता, एवढंच.

हालिनाबाई देवभोळ्या. त्यांनी कॅलेंडरवरच्या सगळ्या गुरुवारांना गोल केले. दर गुरुवारी माझ्या दाराशी उकडलेले बटाटे!

मग एका शुक्रवारी तेच सूप चाखलं—अहो, ही तर आंबील! ज्वारीच्या जागी तिकडचं धान्य, चव थेट माझ्या आजोळची. आणि ते पिएरोगी! आत बटाटा नि चीज भरून उकडलेले, आपल्या नागपंचमीच्या दिंडांचे सख्खे मावसभाऊ. काय आनंद झाला, कसा सांगू? पण हालिनाबाई पिएरोगी करायच्या नेमके गुरुवारी. वास जिना चढून वर यायचा आणि मी बटाटे सोलत बसायचो. किती गुरुवार सोसले असतील? चार. पाचव्याला चौकातली खानावळ गाठली. बारा पिएरोगी, वर तळलेला कांदा. घरी येऊन, चेहरा पाडून, बटाटेही.

इथवर गंमत आहे. पुढचं—

एकदा व्हिडिओ कॉलवर आईला ते बटाटे दिसले. मागून हालिनाबाईंनी हात जोडून त्यांना येणारा एकुलता एक मराठी शब्द उच्चारला. उपास. आईचा चेहरा असा फुलला!

"तिकडं बी गुरुवार करून राह्यला का रे?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? ओठांवर अजून कांद्याचं तेल होतं. मी हो म्हणालो.

"लेकरू परमुलखात उपाशी, मंग मी हितं कशी जेवू?"

त्याला सात वर्षं झाली. आईनं एक गुरुवार चुकवला नाही; परत आल्यापासून मलाही तिच्यासोबत धरावा लागतो. डॉक्टर म्हणतात, या वयात पुरे. ती म्हणते, ह्यानं सोडला की सोडते. म्हणजे माझ्याच हातात आहे. मग मी सोडत का नाही? कारण ती गल्लीभर सांगते, माझ्या लेकानं परदेशात बी देव सोडला न्हाई. ते ऐकायला मला आवडतं. फार आवडतं.

काल गुरुवार. भगर, शेंगदाण्याची आमटी. मी रंगात येऊन पिएरोगींचं वर्णन करत होतो. आईचा हात वाढता वाढता थांबला.

"ते कोन्त्या वारी खात होतास रे?"

"शुक्रवारी," मी म्हणालो.

तिनं आणखी एक पळी आमटी वाढली. मी ताट पुढं केलं.