एक जूनची म्हैस

धरणगावात एक जूनला निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो. ही मंडळी शाळेत गेली तेव्हा कुणाच्याच घरी जन्मतारीख लिहून ठेवलेली नव्हती. गुरुजींनी डोक्यावरून हात घालून कान धरता येतो का ते बघितलं आणि सरसकट एक जून टाकून दिला. त्या गुरुजींच्या कृपेवर ज्योत्स्नाचा सीझन चालतो. आता नातवंडांना आबांच्या आधारकार्डावरची तारीख सापडली आहे, आणि आबांच्या डोक्यावर चमकीची टोपी चढवून त्यांना केक कापायला लावण्यात घरच्यांना भलतीच मौज वाटते.

ज्योत्स्ना घरीच केक करते आणि त्यावर फॉन्डंटचे प्राणी बसवते. फॉन्डंट म्हणजे पिठीसाखरेची कणीकच म्हणा ना. ती मळायची, रंगवायची आणि तिचे हत्ती-घोडे वळायचे. दारावरच्या पाटीवर तिने 'केक आर्टिस्ट' लिहून घेतलंय, पण गल्ली तिला केकवाली म्हणते आणि मनातून तिला गल्लीचंच पटतं. कारण तिच्या कलेची खरी हकीगत तिच्याइतकी कुणालाच माहीत नाही. हत्तीची सोंड गळून पडली की ती त्याला पाणघोडा म्हणून खपवते. सिंहाची आयाळ फसली की त्याची सूर्यफुलं होतात. एकदा मे महिन्यात जिराफ सुकावा म्हणून तिने तो कूलरसमोर ठेवला. खानदेशातल्या माणसाला उन्हाळ्यात दुसरं काही सुचतच नाही, जे ते कूलरसमोर. ती दमट हवा लागून जिराफाला घाम फुटला आणि संध्याकाळपर्यंत त्याने मान खाली घातली. गिऱ्हाइकाला तिने ठोकून दिलं की तो गवत खातोय.

हे सगळं ती स्वतःच रंगवून सांगते आणि हसते. एक गोष्ट मात्र सांगताना तिला हसू आणावं लागतं, ती तिच्या वडिलांची.

हिलाल आबा एरंडोलला राहतात. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होते. आख्ख्या तालुक्याच्या बैलांचे मोडलेले पाय त्यांनी बांधले. लेकीला त्यांनी डीएड केलं, ती शाळेत लागली, आणि चार वर्षांपूर्वी ती शाळा सोडून केकच्या मागे लागली. आबांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "शिकीसवरीसन कनीकना जनावरं कराले लागनी." मग भावाने, पियुषने, तिच्या पहिल्या घोड्याचा फोटो मोबाईलवर दाखवला. आबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि मोबाईल परत दिला. "हाऊ घोडा नही. चार पायना पाट शे."

ते खरंच होतं. घोड्याचे गुडघे तिने माणसासारखे वळवले होते. गावभर ही गोष्ट तिनेच हसत हसत पसरवली, पण त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. चार वर्षांत आबांनी तिच्या हातच्या केकचा तुकडा तोंडात घातला नाही. डॉक्टरनं गोड बंद केलंय म्हणायचे, आणि पुरणपोळी मात्र दोन खायचे.

आबांचा कागदावरचा वाढदिवसही एक जूनचाच, आणि यंदा त्यांना सत्तरी लागणार होती. केक कापायचाच म्हणून पियुष मागे लागला, तेव्हा ते म्हणाले, "तिले सांग, केक लई ये." तेवढ्यावर ज्योत्स्ना तीन आठवडे वेडी झाली. आबांसाठी तिने म्हैस करायला घेतली, जवळ पारडू, पुढ्यात घमेलं. काळा रंग मळून मळून तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. नवरा किरण विचारायचा, आज केक केला की गॅरेज उघडलं? आतल्या खोलीत, कूलरपासून लांब, जाळीच्या टोपलीखाली म्हैस सुकली. ज्योत्स्नाने तिला चारी बाजूंनी बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या हातचं जनावर दुसऱ्या कशासारखं दिसलं नाही. या म्हशीला आबा नुसतं 'बरी शे' म्हणाले तरी पुरे होतं. एवढंच तिला हवं होतं.

एक जूनच्या सकाळी पाच केक निघायचे होते. ज्योत्स्नाने पाचही खोक्यांना चिकटपट्ट्या मारल्या आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव घातलं. गिऱ्हाइकं ऑर्डर देताना जे सांगतात तेच तिच्या वहीत असायचं, आणि तेच खोक्यावर उतरलं: आबा, आबा, नाना, आबा, आबा. आपण किती पद्धतशीर काम करतो याचं तेव्हा तिला फार कौतुक वाटलं होतं. गावातली खोकी किरणने घेतली. शेवटचं राहिलेलं मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली आणि एरंडोलपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाल्याची माफी मागावी तशी 'हळू दादा, हळू' म्हणत राहिली.

एरंडोलच्या घरी ओसरीवर दहा-बारा माणसं जमली होती. आबा नवा सदरा घालून, कोर्टात साक्षीला आल्यासारखे खुर्चीत ताठ बसले होते. ज्योत्स्नाने टेबलावर खोकं ठेवलं, घाम पुसला आणि झाकण उचललं.

आत सिंह होता. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात जाडजूड सोन्याची साखळी, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'किंग आबा'.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धरणगावच्या रतिलाल आबांचा नातू होता आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "काकू, आमना आबा म्हैस शे का? बठ्ठी गल्ली हसी राह्यनी!"

"बाळा, चुकून... तुमचा सिंह इकडे आलाय," ज्योत्स्ना कसंबसं म्हणाली आणि फोन बंद केला. जमिनीने पोटात घ्यावं असं तिला झालं. तीन आठवड्यांची म्हैस रतिलाल आबांकडे, आणि ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापुढे गॉगलवाला सिंह. चार आबांतले आपले वडील कोणते, हेही कळू नये इतकी आपली अक्कल! आबा आता काय म्हणतील ते तिला पाठ होतं. त्यांच्या आधी तीच म्हणाली, "आबा, हसा तुम्ही. मला काही जमत नाही."

आबा हसले नाहीत. ते खुर्ची ओढून जवळ सरकले होते. त्यांनी चष्मा लावला आणि ते वाकून सिंहाकडे पाहायला लागले. मग बोटाने हलकेच त्याची छाती दाबली.

"याना पुढला पाय मोडेल शे," ते म्हणाले. "कव्हय मोडना?"

ज्योत्स्नाने पाहिलं. रिक्षाच्या धक्क्यांनी खरंच पाय गुडघ्यातून निखळला होता. "सकाळी... रिक्षात," ती म्हणाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोरी धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यासारखं तिला वाटलं.

"कनीक शे का जवळ?"

तिच्या पिशवीत डागडुजीसाठी पांढरा फॉन्डंट नेहमी असतो, कारण तिचा स्वतःवर भरवसा नाही. आबांनी दातकोरण्याच्या दोन काड्या मागवल्या आणि मोडक्या पायाच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. फॉन्डंट लाटून त्याची पट्टी काढली आणि खालून वर, एकावर एक वेढा घेत गुंडाळायला घेतली. त्यांचा हात आता कापतो, पण पट्टी कुठे सुटली नाही.

"घट धर," ते म्हणाले. तिने सिंहाची कंबर धरली. बापलेकीची डोकी एकमेकांना लागत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

गाठ बसली. कुणीतरी सुरी पुढे केली, तर आबांनी हात आडवा धरला. "अर्धा घंटा कोनी हात लावानं नही. सुकू द्या." मग आख्खी ओसरी, त्या उकाड्यात, सिंहाचा पाय सुकायची वाट बघत बसून राहिली. पियुषच्या बायकोने सगळ्यांना पन्हं दिलं.

आबांनी चष्मा काढून पुसला. "मनासाठे म्हैस करेल व्हती?"

"हो."

"कोन्ती? मुऱ्हा का जाफराबादी?"

ज्योत्स्नाला म्हशींच्या जातींतलं काहीही माहीत नव्हतं. "काळी," ती म्हणाली.

आबांच्या मिशा हलल्या. "मुऱ्हाना शिंगं गोल वळेल ऱ्हातस," ते म्हणाले. "शेजारना गोठामा शे एक. सकाय ये, दखाडस. अन् येतांना चित्र काढाले वही लई ये."