उपरण्याचा दोरा

कपाशीचं गुलाबी फूल दिसलं की मला चोपड्याजवळच्या आमच्या शेतातला पहिला श्रावण आठवतो. मी जळगाव शहरातली, लग्नाआधी कापूस पाहिला तो फक्त गादीतला. ओल्या काळ्या मातीचा वास, गुडघ्याला घासणारी गार पानं, आणि पांढऱ्या फुलांत मधेच गुलाबी फुलं. घरी येऊन मी सगळ्यांसमोर ठामपणे सांगितलं, "दुकानदाराने फसवलंय, बियाण्यात भेसळ आहे." जावा तोंडाला पदर लावून हसल्या. सासरे हसले नाहीत. "चाल, देखू," म्हणत त्यांनी मला परत शेतात नेलं, उपरण्याचा एक दोरा ओढला आणि एका पांढऱ्या फुलाच्या देठाला बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं, तर दोरा बांधलेलं फूल गुलाबी झालं होतं. "हाई कालनं फूल शे, पांढरं ते आजनं," एवढंच ते बोलले. घरी मात्र जावांना म्हणाले, "तिले पहिल्याच दिन दोन रंग दिसनात. तुमले कधी दिसनात का?" मला पहिल्याच दिवशी दिसलेले दोन रंग त्यांना कधी दिसले होते का, असं ते विचारत होते. परवा माझी नवी सून शेतातून आली आणि बियाण्यात भेसळ आहे म्हणाली. मला हसू आलं. ते गिळून मी पदराचा दोरा ओढला.