सुमन खोटी आहे, हे मी सिद्ध केलं होतं

मंगळवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी फोन उघडला आणि एका बाईला ग्रुपमधून काढून टाकलं. तिचं नाव आपण सुमन धरू. खरं नाव लिहीत नाही.

आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर गरोदर बायकांचा आणि नव्या आयांचा एक ग्रुप आहे. सगळ्या धाराशिव जिल्ह्यातल्या. मी आणि आणखी दोघी तो सांभाळतो.

मागच्या वर्षी तिथं एक बाई सहा महिने लिहीत होती... जुळं आहे, त्रास होतोय, डॉक्टर काळजीत आहेत. आम्ही रोज तिची चौकशी करायचो. एकीनं तर तिच्यासाठी तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरली. मग कळलं की फोटो कुणा भलत्याच बाईचे होते आणि ही गरोदर नव्हतीच.

तेव्हापासून आम्ही सावध झालो. खरं सांगायचं तर मी जरा जास्तच झाले. कुणाची तारीख जुळत नाही, कुणाचा फोटो उचललेला आहे, हे शोधायची मला सवयच लागली. दोघी-तिघी सापडल्याही, त्यामुळं हुशारी चढली होती.

सुमन दोन महिन्यांपूर्वी आली. एकदा म्हणायची सोनारीजवळ आहे, आठवड्यानं भूम, मग आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या पुढं. दोन तपासण्या दोन वेगळ्या दवाखान्यांतल्या, त्यातले आठवडे एकमेकांशी जुळत नव्हते. लिहिणं एक दिवस शुद्ध, दुसऱ्या दिवशी वेगळंच... जणू दोन माणसं लिहितायत. फोटो तर एकही नाही.

मंगळवारी सकाळी तिचा मेसेज आला. आठवा महिना, पाय सुजलेत, डोकं थांबत नाही, काय करू?

मी उत्तर दिलं, "आधी नाव आणि तारीख दिसेल असा रिपोर्ट टाका." दोन तास काही आलं नाही. मग मी माझे सगळे पुरावे ग्रुपवर लिहिले आणि तिला काढलं. बाकीच्यांनी अंगठे दिले. बरं वाटलं... खोटं कशाला बोलू!

डबा संपत आला होता तेवढ्यात तिचा मला एकटीला आवाजातला मेसेज आला. मागं मेंढरं ओरडत होती, एक कुत्रं भुंकत होतं.

"ताई, म्या सुमन. तुमचं मालकानी वाचून दाखवलं. खोटं न्हाय वो. कागदं गाठोड्यात हायती, अन् गाठोडं घोड्यावर पुढल्या मुक्कामाला गेलंय. आमी मेंढरामागं फिरताव. मला ल्हिता येत न्हाय, कधी नणंद ल्हिती, कधी मालक. डोकं लई दुखतंय ताई... डोळ्यापुढं काजवे चमकत्यात."

घास तोंडातच राहिला. मेंढरामागं बिऱ्हाड फिरतं, म्हणून गावं वेगळी. जिथं मुक्काम तिथला दवाखाना, आणि आठवडे त्या-त्या दवाखान्यानं मोजले तसे. माझा एकेक पुरावा तिच्या रोजच्या जगण्याचा भाग होता.

आणि ते काजवे... माझ्या वेळी मलाही बीपी वाढला होता, ते काय असतं मला माहीत होतं. मला तर नक्की माहीत होतं.

मी लगेच फोन लावला. "सुमन, कुठं आहेस?"

"तेरखेड्याच्या अलीकडं, रस्त्याच्या कडंच्या रानात."

"चालू नकोस. तिथंच सावलीत डाव्या कुशीवर पड. फोन मालकांकडं दे."

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. आमच्या शाळेतल्या एका मॅडमचं माहेर त्याच बाजूला, त्यांनी तिथल्या आशाताईंचा नंबर काढून दिला. आशाताई नवऱ्याच्या गाडीवर बसून अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी पोचल्या. पुढचे दोन तास मी पाचवीच्या वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही.

बीपी फार वाढलेला होता. तिला धाराशिवला आणलं आणि त्याच संध्याकाळी सिझर झालं. मुलगी. वजन कमी म्हणून काचेत ठेवली, पण रडली मात्र जोरात.

गुरुवारी मी भेटायला गेले. कॉटजवळ तिच्या सासूबाई बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमी डॉक्टरीणबाई व्हय?"

"नाही मावशी... मी फोनवरची."

सुमन उठायला लागली, मी तिला पडून राहायला सांगितलं. ती सासूला म्हणाली, "आत्या, ह्याच त्या ताई. ह्यांनीच गाडी धाडली."

सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी सुमनकडं बघितलं. ती नुसती हसली.

बाहेर व्हरांड्यात मी तिची माफी मागायचे शब्द जुळवत बसले होते. परत आत गेले तर तिला झोप लागली होती.

मुलगी आता बरी आहे. खोटं बोलणाऱ्या बायका ऑनलाइन आहेत, पुढंही असतील. पण आता ग्रुपवर कुणी दुखतंय म्हणालं, तर आम्ही आधी दवाखान्यात पाठवतो. खरं-खोटं मागाहून.

सुमननं सासूला माझी अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी तिनं पोटात ठेवली... म्हणून ती मी इथं लिहिली.