त्याच्या वाटच्या गोळ्या

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरला बनशंकरीत राहायचो, तेव्हा मला खाली सारखी जळजळ व्हायची. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दोन पुड्या दिल्या. म्हणाल्या, "हा संसर्ग यजमानांकडून येतोय. पुरुषांना पुष्कळदा त्रास जाणवत नाही. दोघांनी एकदमच औषध घ्या, नाहीतर परत होईल."

नवरा भडकला. "मला काय धाड भरलीय? रोग तुझा, गोळ्या तू खा." मी पाया पडले, तरी त्याने पुडीला हात लावला नाही.

लग्नापासून त्याच्या आयुष्यासाठी उपास मीच करत आले होते. मूर्ख बाई मी! त्याच्या वाटच्या गोळ्याही मीच गिळल्या.

महिन्याभरात जळजळ परत आली. बाईंनी विचारलं, "यजमानांनी घेतल्या होत्या ना?"

मी "हो" म्हटलं आणि पुन्हा दोन पुड्या घेऊन घरी आले.