मालक वाचायचे नाहीत ती पानं

आमची ताई तेल विकायची, पण दुकानात बसून नाही, पत्रं लिहून. गुडघ्यांच्या तेलाच्या कारखान्यात ती सतरा वर्षं नोकरीला होती. पत्र चार पानांचं. वर मथळा, शेवटी ऑर्डरचं कूपन, मधे ताईच्या गप्पा. लिहिताना ती टेबलासमोर एक रिकामं स्टूल ठेवायची, त्यावर आमची आई बसलीय असं समजायची आणि तिच्याशी बोलत बोलत लिहायची. "खरं सांगा, जिना उतरताना कठडा धरता की नाही?" हजारो लोकांना वाटायचं, हे आपल्यालाच विचारलंय.

मालक मधली पानं कधी वाचत नसत. त्यांच्या लेखी ती बायकांची टकळी. मथळा बघायचे, कूपन बघायचे आणि सही ठोकायचे. ताईनं ते कधी मनावर घेतलं नाही. तेल चांगलं होतं, ते लावून आई खरंच जिना चढत होती, तिला तेवढं पुरेसं होतं.

मग मालकांनी गुपचूप तेल बदललं. बाटली तीच, लेबल तेच, ताईचं पत्र तेच, आत मात्र स्वस्तातलं भलतंच काहीतरी. आईच्या गुडघ्यांवर फोड आले. तरी ती आठवडाभर मुकाट्यानं लावत राहिली. ताईनं पाहिलं तेव्हा आई म्हणाली, "तूच लिहिलंयस ना, सुरुवातीला थोडी आग होईल, पण थांबू नका. म्हणून थांबले नाही."

ताईनं बाटली हुंगून पाहिली, वास नेहमीच्या तेलाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मालकांना फोडांचं सांगितलं. म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूकच असते, तू नव्या पत्राचं बघ, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. माझं तर डोकंच फिरलं. राजीनामा तोंडावर फेक, म्हटलं तिला. ती म्हणाली, राजीनाम्यानं मी सुटेन, पत्र जातच राहील.

आणि तिनं खरंच नव्या पत्राचं बघितलं. मथळा टाकला, 'तुमच्या गुडघ्यांसाठी आनंदाची बातमी'. कूपन नेहमीचं. मधे मात्र तेल कसं बदललं ते लिहिलं, आईचे फोड लिहिले, थांबू नका म्हणाले ती माझी चूक, असंही लिहिलं. एका पत्रात वाचकाकडे एकच गोष्ट मागायची हा तिचा नियम. तिनं एकच मागितली: पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता आपली बाटली घेऊन या, त्यातलं तेल मालक स्वतःच्या गुडघ्यांना लावून दाखवतील.

मालकांना मथळा फार आवडला. त्यांनी सही ठोकली.

त्या सोमवारी साडेदहालाच कारखान्याचं आवार भरलं. काठ्या, वॉकर, कुणी लेकाच्या दंडाला धरून आलेलं. मालक आधी खूश झाले. मग एका निवृत्त मास्तरांनी तिसरं पान खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि मालकांचा चेहरा उतरला.

"हे कधी लिहिलंस तू?" त्यांनी ताईला विचारलं.

"खाली सही तुमचीच आहे," ताई म्हणाली.

आईला आम्ही ताईच्याच स्टुलावर बसवलं होतं, सगळ्यांच्या पुढे. तिनं बूच काढून बाटली मालकांसमोर धरली.

"लावा," ती म्हणाली. "सुरुवातीला थोडी आग होईल, पण थांबू नका."

मालकांनी हात पाठीमागे नेले. आवारातल्या प्रत्येकानं ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि अजून आठवलं की मला फार बरं वाटतं.